डॉट इको: आमच्या देवराईच्या नावाचा दोन वर्षांचा अनुभव

वेबसाइटसाठी नाव घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही सात जण शाळेच्या पडवीत बसलो होतो. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या पंचक्रोशीत ज्या देवराया उरल्या आहेत त्यांची नोंद ठेवणारा हा गट. कुठल्या राईत कुठलं झाड, घेर किती, देव कोणता, झरा अजून वाहतो की आटला, असं सगळं वह्यांमध्ये लिहून ठेवलेलं. वह्या भरल्या, फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये विखुरले, तेव्हा एकदाची वेबसाइट काढू या असं ठरलं. वेबसाइट बनवणं हा माझा रोजचा धंदा. देवरुखात बसून मी आंबा बागायतदारांच्या, घरगुती खानावळींच्या, पतपेढ्यांच्या साइट करते. त्यामुळे हे काम आपसूक माझ्याकडे आलं.

आम्हाला हवं असलेलं नाव डॉट कॉममध्ये कुणीतरी आधीच अडवून ठेवलं होतं आणि त्याचे दीड लाख मागत होतं. डॉट ऑर्गमध्ये ते मोकळं होतं, स्वस्तही होतं. तरी मी डॉट इकोचा, म्हणजे पर्यावरणाचं काम करणाऱ्यांसाठी असलेल्या शेवटच्या शब्दाचा, आग्रह धरला. आमच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं विकणाऱ्या कंपनीकडे, त्याचे वर्षाला साडेपाच हजारांच्या आसपास पडतात. वर्गणीवर चालणाऱ्या गटाला ही रक्कम जड जाते. हिशोब बघणारे बापू म्हणाले, "हजाराचं नाव सोडून साडेपाच हजारांचं घ्यायचं, तर त्यात वेगळं काय ते आधी सांग." मी त्या संध्याकाळी सांगितलं ते तुटक होतं. दोन वर्षं वापरल्यावर आता नीट सांगते.

सुरुवात वाईट झाली. पैसे भरले, नेमसर्व्हर (नाव कुठल्या साइटकडे न्यायचं ते सांगणारे पत्ते) घातले, होस्टिंग तयार होतं. साइट उघडेना. नाव साइटला जोडलं जायला दोन-चार तास लागतात हे माहीत असल्यामुळे पहिल्या दिवशी मी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी नेमसर्व्हर पुन्हा तपासले, अक्षर न् अक्षर बरोबर. ज्यांच्याकडून नाव घेतलं त्यांच्या चॅटवर विचारलं तर एकच उत्तर तीनदा आलं: ४८ तास थांबा. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डोमेनच्या नोंदीत स्टेटस वाचलं, तर तिथे 'सर्व्हर होल्ड' असं लिहिलेलं. म्हणजे बिघाड माझ्याकडे नव्हता, नाव वरूनच रोखून धरलं होतं. मग ईमेलच्या स्पॅममध्ये शोधल्यावर पत्र सापडलं. डॉट इकोचं नाव विकत घेतलं की ते लगेच चालू होत नाही. आधी आपलं प्रोफाइल भरावं लागतं, पर्यावरणासाठी आपण काय करतो ते लिहावं लागतं आणि एका प्रतिज्ञेला होकार द्यावा लागतो. त्यानंतर नाव सुटतं. विकणाऱ्याने ही गोष्ट पैसे घेण्याआधी ठळक अक्षरांत सांगायला हवी होती. माझे तीन दिवस गेले, आणि त्याच तीन दिवसांत शाळेत कार्यक्रम ठेवून बसलेली मंडळी रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली. त्या रजिस्ट्रारकडून मी नंतर सगळी नावं दुसरीकडे हलवली.

प्रोफाइल भरायला मात्र मी एकटी बसले नाही. संध्याकाळी नाना गुरवांच्या ओटीवर लॅपटॉप नेला. नाना पंचाहत्तरीचे, त्यांच्या घरात राईच्या देवाची पूजा पिढ्यान् पिढ्या आहे. प्रतिज्ञा इंग्रजीत, म्हणून मी ती मराठीत सांगितली: पृथ्वीचं भलं होईल अशा कामाला आम्ही साथ देऊ, आणि आपण काय करतो हे सांगताना खरं तेच सांगू. नानांनी दोनदा ऐकलं. मग म्हणाले, "गे बाय, म्हंजे ह्यां देवासमोर बोलल्यासारखां झालां. मग नीट बघून लिव." आम्ही नीट बघूनच लिहिलं. राईत कुऱ्हाड चालत नाही, पडलेलं लाकूड घरी नेलं जात नाही, झऱ्याच्या वर गुरं सोडत नाहीत. तीन ओळी. बटण दाबलं, चहा संपेपर्यंत साइट उघडली.

हा जो फॉर्म मध्ये आला तो कुठून आला, इथे खरी गोष्ट आहे. पैसे द्या आणि नाव घ्या असं बहुतेक ठिकाणी चालतं. इथे तसं का नाही? कारण डॉट इको हे नाव एका समुदायाने दावा करून मिळवलंय, आणि दावा करताना त्यांनी जे नियम लिहून दिले ते आता त्यांच्यावर बंधनकारक आहेत.

इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१२ साली नव्या शेवटच्या शब्दांसाठी, म्हणजे डॉटनंतर काय यावं यासाठी, अर्ज मागवले. एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर. तरी १,९३० अर्ज आले. एकाच शब्दावर अनेकांनी हक्क सांगितला असं शेकडो अर्जांच्या बाबतीत झालं. डॉट इकोसाठी चार अर्ज होते. त्यातले तीन इतर कंपन्यांचे. चौथा कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या बिग रूम या कंपनीचा, आणि त्यांच्यामागे डब्ल्यूडब्ल्यूएफ, ग्रीनपीस धरून पन्नासहून अधिक पर्यावरण संस्था उभ्या होत्या. त्यांनी अर्जातच लिहिलं होतं की हा अर्ज एका समुदायाच्या वतीने आहे. असे समुदायाचे म्हणून आलेले अर्ज त्या फेरीत ८४ होते.

मग एकाच शब्दावर चौघे उभे राहिले तर मान कुणाचा? आमच्याकडे हा प्रश्न शिमग्याला दर काही वर्षांनी येतो. पालखी सहाणेवरून (ती बसवायच्या चौथऱ्यावरून) उठली की पहिली कुणाच्या दारी जायची, यावरून दोन भावक्या भांडतात. मी लहान असताना एक वर्ष पालखी सहाणेवरच राहिली, गावात पोलीस येऊन बसले, आणि आम्ही पोरं ढोल न वाजवता झोपलो. त्या भांडणात दोन्ही बाजू एकच म्हणत होत्या: आम्ही आधीपासून आहोत, आम्हाला सगळे मानतात. गावकीने शेवटी जुने कागद बघितले, म्हाताऱ्यांना विचारलं, कुणाचा विरोध आहे ते ऐकलं. आयकॅनने जी पद्धत बसवली तिच्यात हेच प्रश्न आहेत, फक्त गुणांच्या तक्त्यात.

तिला समुदाय प्राधान्य मूल्यमापन म्हणतात. त्या फेरीत चार कसोट्या होत्या, प्रत्येकीला चार गुण, एकूण १६. पैकी १४ मिळाले तर समुदायाचा अर्ज जिंकला, बाकीचे अर्जदार बाहेर, लिलावाचा प्रश्नच उरत नाही. १३ मिळाले तर समुदाय म्हणून तुम्हाला काही किंमत नाही, इतरांसारखे रांगेत या. तपासणीचं काम इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या बाहेरच्या संस्थेकडे दिलं होतं.

पहिली कसोटी, समुदाय खरोखर आहे का. त्याची हद्द स्पष्ट हवी, त्याची कामं चालवणारी संस्था हवी, आणि तो सप्टेंबर २००७ च्या आधीपासून कार्यरत असायला हवा. म्हणजे नाव मिळावं म्हणून रातोरात उभा केलेला समुदाय चालणार नाही. हा नियम मला फार पटतो. दुसरी कसोटी शब्द आणि समुदाय यांच्या नात्याची. शब्द म्हणजे थेट त्या समुदायाचंच नाव असेल तर तीन गुण, समुदाय ओळखू येतो पण अगदी तेच नाव नाही असं असेल तर दोन, नाहीतर शून्य. एक असा गुणच नाही. शब्दाला दुसरा कुठला मोठा अर्थ नसेल तर वरचा एक. तिसरी कसोटी नियमांची: नाव कोण घेऊ शकेल, कसलं नाव चालेल, त्यावर काय ठेवता येईल, आणि नियम मोडला तर काय. चौथी पाठिंबा आणि विरोधाची. दोन गुण पाठिंब्याचे, दोन विरोध नसल्याचे. एका बऱ्यापैकी मोठ्या गटानेही विरोध केला तर त्यातला एक गुण जातो, दोन गटांनी केला तर विरोधाचे दोन्ही.

डॉट इकोला ऑक्टोबर २०१४ मध्ये पास केलं. प्रतिस्पर्ध्यांनी फेरविचाराचे अर्ज टाकले, ते टिकले नाहीत. सर्वांसाठी विक्री सुरू झाली ती एप्रिल २०१७ मध्ये. अर्जापासून दुकान उघडेपर्यंत पाच वर्षं. आणि माझ्या तीन दिवसांच्या खोळंब्याचं मूळ त्या तिसऱ्या कसोटीत होतं. त्यांनी लिहून दिलं होतं की नाव घेणाऱ्याने आधी आपण काय करतो ते जाहीर करायचं, तरच नाव चालू. ते अजूनही तसंच करतात. जिंकल्यावर नियम सैल करून पटापट नावं विकण्याचा मोह कुणालाही होईल. हा मोह त्यांनी टाळलाय हे मी ग्राहक म्हणून स्वतः अनुभवलं, आणि साडेपाच हजारांतला मोठा वाटा मी याचा धरते.

पण पद्धतीबद्दल माझं मत इतकं सरळ नाही. ज्यांना तिने नाकारलं त्यांच्याकडे बघितलं की जीव तुटतो.

डॉट गे या नावासाठी डॉटगे नावाच्या संस्थेने समुदायाच्या वतीने अर्ज केला होता. जगभरातल्या शेकडो संघटनांची पत्रं त्यांच्याकडे होती. त्यांना १६ पैकी १० गुण पडले. समुदाय आहे, या कसोटीत पूर्ण चार. नियमांना पूर्ण चार. पाठिंबा-विरोधात दोन. आणि शब्दाशी नातं या दुसऱ्या कसोटीत शून्य. कारण काय, तर त्यांनी आपल्या समुदायात समलिंगी स्त्री-पुरुषांबरोबर ट्रान्सजेंडर, इंटरसेक्स आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणारे मित्र यांनाही धरलं होतं. परीक्षकांचं म्हणणं, 'गे' हा शब्द या सगळ्यांचं नाव नाही, म्हणून अर्ज शब्दापेक्षा मोठा झाला. फेरतपासणी झाली, ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा १०.

मला हे वाचून आमच्या गटाची पहिली बैठक आठवली. आम्हीही आधी 'देवराई असलेल्या गावांचे लोक' एवढंच लिहिलं होतं. मग चिपळूणची एक शिक्षिका आली, तिच्या गावात राई उरलीच नाही. मुंबईला गेलेले चाकरमानी आले, ते फक्त गणपती-शिमग्याला येतात. त्यांना आम्ही बाहेर ठेवायचं होतं का? कुठलाही जिवंत समुदाय असाच असतो, कडेला सैल. ज्यांनी मन मोठं करून सगळ्यांना आत घेतलं त्यांचेच गुण कापले गेले, हा या तक्त्याचा सगळ्यात मोठा दोष आहे असं मी ठामपणे म्हणते. डॉट गे शेवटी २०१९ मध्ये टॉप लेव्हल डिझाइन या कंपनीकडे गेलं आणि २०२० मध्ये सुरू झालं. त्या कंपनीने नव्या नोंदणीच्या उत्पन्नातला २० टक्के भाग एलजीबीटीक्यू संस्थांना द्यायचं जाहीर केलं. चांगलं केलं. पण जे हक्काने मिळायला हवं होतं ते देणगी म्हणून आलं.

डॉट म्युझिकचं उलट. शब्दाशी नात्यात तीन, नियमांत चार, पाठिंब्यात तीन, आणि समुदाय आहे का या पहिल्याच कसोटीत शून्य. फेब्रुवारी २०१६ मध्ये एकूण १०. संगीतवाल्यांना एकमेकांशी बांधलेला एक समुदाय मानायला परीक्षक तयार नव्हते. आठ अर्जदार होते, आणि तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, बाकीच्यांनी अर्ज मागे घेतल्यावर ते नाव त्याच समुदाय-अर्जदाराकडे आलं. याउलट डॉट रेडिओ युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनला मिळालं, कारण तिथे एक मोठी, जुनी, सदस्यांची यादी असलेली संघटना दाखवता आली. डॉट ओसाका, डॉट स्पा, डॉट हॉटेल पास झाले. जिंकलेले हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. डॉट हॉटेलवाल्यांना तर २०१४ मध्ये जिंकूनही शांतता मिळाली नाही, २०१९ च्या शेवटी प्रतिस्पर्धी पुन्हा लवादाकडे गेले. थोडक्यात, ज्यांच्याकडे रजिस्टर आहे, कार्यालय आहे, अध्यक्ष-सचिव आहेत त्यांना समुदाय असल्याचं सिद्ध करणं सोपं गेलं. आमच्या नाना गुरवांसारख्या माणसांना या तक्त्यात जागा शोधावी लागेल.

परीक्षकांबद्दलही तक्रारी झाल्या. डॉट इंक, डॉट एलएलसी, डॉट एलएलपी या नावांच्या प्रकरणात जुलै २०१६ मध्ये स्वतंत्र लवादाने बहुमताने आयकॅनच्या संचालक मंडळाला दोष दिला, कारण तक्रार आल्यावर मंडळाने ती नीट तपासलीच नव्हती. त्यानंतर आयकॅनने बाहेरच्या सल्लागार कंपनीकडून मूल्यमापनाची चौकशी करवून घेतली. तिचा अहवाल डिसेंबर २०१७ मध्ये आला आणि आयकॅनच्या कर्मचाऱ्यांनी परीक्षकांवर गैर दबाव आणल्याचा पुरावा नाही असं त्यात म्हटलं.

हे सगळं असूनही मी या पद्धतीच्या बाजूने आहे, कारण तिच्या पलीकडे काय आहे ते मला दिसतं. पलीकडे लिलाव आहे. आमच्याकडे देवळातला मानाचा नारळ लिलावात जातो, आणि तो कुणी मुंबईकर पाच हजारांना घेतो तेव्हा कुणाला वाईट वाटत नाही, कारण पैसे देवळालाच जातात आणि पुढच्या वर्षी नारळ पुन्हा सगळ्यांसाठी असतो. इंटरनेटचा शब्द पुढच्या वर्षी परत येत नाही. जानेवारी २०१६ मध्ये डॉट शॉप ४ कोटी १५ लाख डॉलरला गेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये डॉट वेबची बोली साडेतेरा कोटी डॉलरपर्यंत चढली. डॉट इकोचा लिलाव झाला असता तर त्या पन्नास संस्थांनी वर्गणी काढून किती उभे केले असते?

आणि अर्ज न केलेल्यांचं काय? त्याच फेरीत क्रायस्लर या मोटार कंपनीने आपल्या ट्रकच्या नावावरून 'राम' हा शब्द मागितला, रिलायन्सने 'इंडियन्स' मागितला, आणि भारत सरकारने दोन्हींवर हरकत घेतली. जुलै २०१३ मध्ये डरबनला जमलेल्या सरकारांच्या समितीने ती हरकत आपल्या निवेदनात नोंदवली. अ‍ॅमेझॉन कंपनी आणि अ‍ॅमेझॉन नदीच्या काठचे देश यांचं भांडण तर अर्जापासून २०२० पर्यंत चाललं आणि शब्द कंपनीकडे गेला. ब्राझील, पेरू आणि शेजारच्या देशांनी अर्ज केलेलाच नव्हता, त्यांनी फक्त म्हटलं की हे नाव आमच्या नदीचं आहे. १६ गुणांच्या तक्त्यात असल्या हक्काला रकानाच नव्हता.

आता पुन्हा आमच्या नावाकडे. दोन वर्षांत डॉट इको एकदाही बंद पडलं नाही. नूतनीकरणाची आठवण वेळेवर येते. प्रोफाइल कधीही उघडून बदलता येतं आणि ते सगळ्या जगाला दिसतं; पुण्याच्या एका वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने ते वाचूनच आम्हाला पत्र लिहिलं आणि पावसाळ्यात आठ दिवस येऊन राहिली. रचना विश्वासावर आहे. आपली माहिती आपणच द्यायची, आणि खोटं लिहिलं तर बघणारा बोट दाखवू शकतो. मला ही रचना पुरेशी वाटते, कारण गावातही शेवटी असंच चालतं.

त्रास झाला तो भलतीकडे. एका अनुदानाच्या अर्जात गटाचा ईमेल घातला तर फॉर्म लाल झाला: कृपया वैध ईमेल पत्ता लिहा. डॉटनंतर कॉम, ऑर्ग, इन असलं काही नसेल तर तो पत्ता खोटा, असं त्या फॉर्म बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं. शेवटचा दिवस होता. मी माझा खासगी जीमेल घातला, आणि आता मंजुरीची सगळी पत्रं गटाऐवजी माझ्या एकटीकडे येतात, जे हिशोबाच्या दृष्टीने बरोबर नाही. असे फॉर्म बनवणाऱ्या सगळ्यांना हात जोडून विनंती, की नावांची यादी २०१३ नंतर हजाराहून जास्त वाढली आहे, तुमची तपासणी बदला. मीही माझ्या जुन्या गिऱ्हाइकांच्या साइट उघडून बघितल्या, आणि दोन पतपेढ्यांच्या फॉर्ममध्ये माझीच हीच चूक सापडली. त्याच रात्री दुरुस्त केली.

पाचपैकी चार तारे. एक तारा किमतीचा कापला. व्हँकुव्हरच्या हिशोबाने ती रास्त असेल, पण आमच्याकडच्या बचत गटाला, बियाणं जपणाऱ्या बायकांना ती परवडत नाही, आणि या नावावर त्यांच्याइतका हक्क कुणाचा आहे?

मराठीचा विचार मनातून जात नाही, म्हणून तोही लिहिते. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतलं डॉट भारत सुरू झालं, त्यात मराठीबरोबर हिंदी, कोकणी, नेपाळी, सिंधी, मैथिली, डोगरी, बोडो अशा आठ भाषा एका छत्राखाली आहेत. २०१२ च्या फेरीतून देवनागरीत डॉट कॉम, डॉट नेट आले आणि डॉट ऑर्गवाल्यांचं 'संगठन' आलं. संगठन. आपण संघटना म्हणतो. लिपी आपली, शब्द हिंदीचा, आणि तो ठरवताना आपल्याला कुणी विचारलं नाही, आपणही काही बोललो नाही. कॅटलान भाषेच्या लोकांनी २००५ मध्येच डॉट कॅट मिळवलं. पुढे बास्क, गॅलिशियन, ब्रेटन भाषिकांनीही आपापली नावं घेतली. एखाद्या देशाचं नाही, भाषेचं नाव.

३० एप्रिल २०२६ पासून नवी फेरी सुरू करायचं आयकॅनने जाहीर केलंय. फी २,२७,००० डॉलर, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आसपास. गरजू संस्थांना तीत मोठी सवलत देणारी योजनाही आणली होती. आणि एक चांगला बदल: हरणाऱ्या अर्जदारांनी खासगी लिलाव करून आपसात पैसे वाटून घ्यायची जी वाट मागच्या वेळी होती ती आता बंद केली आहे. मी रात्री जागून मनातल्या मनात, मागच्या फेरीच्याच कसोट्या लावून, डॉट मराठीचे गुण मांडून बघते. समुदाय २००७ च्या आधीचा? ज्ञानेश्वरीच्या आधीचा. शब्दाशी नातं? तीनपैकी तीन, याहून थेट नाव असूच शकत नाही. नियम लिहिता येतील. अडचण चौथ्या कसोटीची. महाराष्ट्र, गोवा, बेळगाव, इंदूर, बडोदा, तंजावरचे मराठी, इस्रायलमधले बेने इस्रायली, अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळं, एवढ्या सगळ्यांची पत्रं एका अर्जामागे कोण आणणार? एका साहित्य संमेलनाचं ठिकाण ठरवताना आपण किती भांडतो. दोन गटांनी विरोधाचं पत्र पाठवलं की दोन गुण गेले, आणि तेवढी सूट असली तरी मग दुसरीकडे एकही चूक चालणार नाही. तरी कुणीतरी हे करायला हवं, निदान पुढच्या वेळेसाठी आत्तापासून बोलायला लागायला हवं. ज्यांना करायचं असेल त्यांची वेबसाइट मी फुकट करून देईन.

गेल्या जूनमध्ये पहिल्याच पावसात राईतला एक किंजळ उन्मळून वाटेवर आडवा पडला. शाळेची पोरं त्या वाटेने जातात. दोन दिवस सगळे एकमेकांकडे बघत राहिले, मग नानांनी गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला, आणि वाटेवर आला होता तेवढा भाग तोडून कडेला ठेवला. लाकूड कुणी नेलं नाही, पण कुऱ्हाड चालली. गेल्या आठवड्यात नूतनीकरणाचे पैसे भरायला मी नानांच्या ओटीवर बसले होते. बापूंनी या वेळी काही न विचारता पैसे दिले. नाना म्हणाले, "त्यात आपण लिवलंव ना, कुऱ्हाड चालत नाय म्हणून?"

मी हो म्हटलं.

"मग किंजळाचां लिव."

प्रोफाइल उघडून पहिल्या ओळीखाली मी लिहिलं: जून २०२५ मध्ये वादळात पडलेल्या एका किंजळाचा वाटेवरचा भाग तोडला, लाकूड राईतच आहे. नानांना वाचून दाखवलं, आणि सेव्ह केलं.